नियम टाकला, तरी बाहेरून काही उघडत नाही : पोर्ट फॉरवर्डिंग आणि इनबाउंड फायरवॉल नियमांचा योग्य क्रम

जिनिंगचा हंगाम सुरू झाला की धरणगाव, चोपडा, शिरपूर या पट्ट्यातून येणाऱ्या फोनचे पहिले वाक्य ठरलेले असते : "भाऊ, कॅमेरा दिखत नही." मिलच्या ऑफिसात बसून पाहिले तर सगळे कॅमेरे व्यवस्थित चालू असतात, मालक जळगावला घरी पोहोचला की मोबाईलवर नुसते गोल फिरत राहते. तिथे जाऊन राउटर उघडला की फॉरवर्डिंगच्या पानावर तीन-चार नियम एकावर एक टाकलेले सापडतात, त्याखाली डीएमझेड (बाहेरून येणारे सर्व काही एकाच उपकरणाकडे सोडणारी सोय) सुरू करून ठेवलेले असते आणि शेवटचा उपाय म्हणून फायरवॉलही बंद केलेली असते. एवढे करूनही मालकाला काही दिसत नाही ते नाहीच.

याचे कारण बहुतेक वेळा फॉरवर्डिंगच्या पानावर नसते. ज्या चार गोष्टी त्या पानावर जाण्याआधी तपासायच्या असतात, त्या न तपासता आपण थेट नियम टाकायला बसतो आणि मग नेमके कुठे अडले हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत आणि प्रत्येक टप्प्याची तपासणी जमल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात लावू नये.

समजण्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरतो. एका मिलमध्ये राउटरचा आतला पत्ता १९२.१६८.१.१ आहे, कॅमेऱ्यांच्या एनव्हीआरचा, म्हणजे रेकॉर्डरचा, पत्ता १९२.१६८.१.५० आहे, मिलचा बाहेरचा पत्ता २०३.०.११३.२५ आहे आणि जळगावातल्या हिशेबाच्या ऑफिसचा स्थिर पत्ता १९८.५१.१००.१० आहे. शेवटचे दोन पत्ते केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या गटांतले आहेत, त्यामुळे ते कोणाचेही नाहीत. आणखी एक बारीक गोष्ट : येथे आकडे देवनागरीत छापले असले तरी राउटरच्या चौकटीत ते इंग्रजी अंकांतच टाकावे लागतात.

## आधी एवढे लक्षात घ्या

फॉरवर्डिंग आणि फायरवॉल या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. बाहेरून आलेले पॅकेट (माहितीचा छोटा गठ्ठा) आतल्या कोणत्या उपकरणाकडे वळवायचे, हे फॉरवर्डिंग सांगते. ते पॅकेट मुळात आत सोडायचे की नाही आणि कोणाकडून आलेले सोडायचे, हे फायरवॉल ठरवते. घरगुती राउटरमध्ये फॉरवर्डिंगचा नियम जतन करताच त्याची फायरवॉलमधली वाट आपोआप मोकळी होते, आणि ती सहसा साऱ्या जगासाठी मोकळी होते. मायक्रोटिक किंवा पीएफसेन्ससारख्या यंत्रणेत मात्र या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात आणि वेगळ्या हाताळता येतात. आपल्याकडे यांपैकी कोणता प्रकार आहे, हे सुरुवातीलाच पाहून घ्यावे.

## टप्पा १ : बाहेरचा पत्ता खरोखर तुमच्या राउटरवर आहे का

राउटरच्या स्टेटस पानावर 'वॅन आयपी' किंवा 'इंटरनेट आयपी' या नावाने एक पत्ता दिसतो, तो कागदावर लिहून घ्या. त्यानंतर त्याच वायफायवरून आपला आयपी दाखवणारे कोणतेही संकेतस्थळ उघडा आणि तिथे दिसणारा पत्ता शेजारी लिहा. दोन्ही अगदी सारखे असतील तरच पुढे जा; वेगळे असतील तर वॅन पत्ता कशाने सुरू होतो त्यावरून खालचा उपाय किंवा टप्पा २ मधला उपाय करा.

वॅन पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ यांच्यामध्ये असेल, तर तुम्ही सेवादात्याच्या सामायिक एनएटीमागे (पत्ते बदलणाऱ्या यंत्रणेमागे) आहात. हा गट २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असल्यामुळे बाहेरून आलेले पॅकेट सेवादात्याच्या यंत्रावरच थांबते. तुमच्या राउटरवर कितीही नियम टाकले तरी ते तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. सिम टाकून चालणाऱ्या राउटरवर आणि हवेतून येणाऱ्या ब्रॉडबँडवर बहुधा हीच परिस्थिती असते. तालुक्याच्या गावातल्या अनेक फायबर जोडण्यांवरही ती आढळते.

अशा वेळी दोन मार्ग उरतात. एक, सेवादात्याकडे अर्ज करून स्थिर सार्वजनिक पत्ता घेणे. अर्जात "स्टॅटिक पब्लिक आयपी" असे स्पष्ट लिहावे, कारण नुसते "स्टॅटिक आयपी" लिहिल्यावर खाजगी गटातलाच कायमचा पत्ता हाती ठेवल्याचे मी पाहिले आहे. दोन, आतून बाहेर जाणारी जोडणी वापरणे, म्हणजे एनव्हीआर कंपनीची क्लाउड सेवा किंवा भाड्याच्या सर्व्हरवर बांधलेला व्हीपीएन बोगदा (दोन ठिकाणांमधली कुलूपबंद खाजगी वाट). दुसऱ्या मार्गाला फॉरवर्डिंग लागतच नाही, त्यामुळे पुढचा बराचसा लेख तुमच्या कामाचा राहत नाही.

तपासणी : राउटर बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करा आणि वॅन पत्ता परत पाहा. तो बदलला असेल पण सार्वजनिकच असेल, तर डीडीएनएस नाव (पत्ता बदलला तरी कायम राहणारे नाव) घ्यावे लागेल. नाही तर मालकाच्या मोबाईलमध्ये भरून दिलेला पत्ता पहिल्याच वीज खंडितीनंतर निकामी होईल.

## टप्पा २ : मध्ये दुसरा राउटर लपलेला नाही ना

वॅन पत्ता १९२.१६८ ने, १० ने, किंवा १७२.१६ ते १७२.३१ या दरम्यानच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तो खाजगी पत्ता आहे. म्हणजे तुमच्या राउटरच्या पुढे आणखी एक राउटर बसलेला आहे. आपल्याकडे तो बहुधा फायबरवाल्याने भिंतीवर लावलेला पांढरा डबा असतो. लोक त्याला मोडेम समजतात, पण तो स्वतःच पत्ते वाटत असतो, आणि नियम आपण आपल्या राउटरवर टाकत बसतो.

यावर सर्वांत स्वच्छ उपाय म्हणजे तो डबा ब्रिज मोडवर (स्वतः पत्ते न वाटता नुसती जोडणी पुढे देणारा) टाकून घेणे आणि पीपीपीओईचे, म्हणजे सेवादात्याच्या लॉगइनचे, नाव व पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरणे. ब्रिज करून मिळत नसेल तर आपला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर (फक्त वायफाय देणारा) टाकून सगळे नियम डब्यावरच करावेत. दोन्ही ठिकाणी एकामागोमाग फॉरवर्डिंग करणे हा तिसरा मार्ग चालतो खरा, पण सहा महिन्यांनी दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला तो शोधून सापडत नाही.

इशारा : दोन्ही राउटरचा आतला पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर काहीच धड चालणार नाही. एकाचा गट आधी बदलून घ्या.

## टप्पा ३ : उपकरणाचा पत्ता आणि गेटवे पक्का करा

येथे घाई करू नका; माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ या टप्प्यात सापडते.

एका मिलमध्ये रात्रीतून लाईट जाऊन आली आणि सकाळपासून कॅमेरे बाहेरून बंद झाले. फॉरवर्डिंगचा नियम जागच्या जागी होता. राउटरच्या डीएचसीपी (पत्तेवाटपाच्या) यादीत पाहिले तेव्हा ५० क्रमांकाच्या पत्त्यासमोर एनव्हीआरऐवजी वजनकाट्याच्या संगणकाचे नाव होते. साध्या राउटरची पत्तेवाटपाची यादी वीज गेली की पुसली जाते. लाईट आल्यावर काट्याच्या संगणकाने तो पत्ता उचलला आणि एनव्हीआरला दुसरा मिळाला. त्यामुळे बाहेरून येणारी प्रत्येक जोडणी रात्रभर काट्याच्या संगणकाकडे वळत होती. मालकाला कॅमेरे दिसत नव्हते ही त्यातली लहान गोष्ट होती.

पत्ता पक्का करण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतला एकच वापरावा. पहिला म्हणजे राउटरमध्ये उपकरणाच्या मॅक पत्त्यासमोर (कारखान्यातून आलेल्या ओळख-क्रमांकासमोर) आयपी राखून ठेवणे. टीपी-लिंकमध्ये याला 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' म्हणतात. दुसरा म्हणजे उपकरणातच हाताने पत्ता भरणे, पण मग तो पत्ता राउटरच्या वाटपाच्या मर्यादेबाहेरचा असला पाहिजे. राउटर १०० ते १९९ वाटत असेल तर ५० चालेल, १२० चालणार नाही. मी स्वतः पहिला मार्ग पसंत करतो, कारण सर्व उपकरणांची नोंद मग एकाच ठिकाणी राहते.

हाताने पत्ता भरल्यास गेटवेची (जाळ्याबाहेर जाण्याच्या दाराची, म्हणजे राउटरच्या पत्त्याची) चौकट रिकामी राहते किंवा जुन्या राउटरचा पत्ता तिथे तसाच राहतो, आणि ही चूक फार फसवी आहे. गेटवे चुकीचा असला तरी मिलमधल्या मिलमध्ये कॅमेरे उत्तम दिसतात, कारण एकाच जाळ्यातल्या उपकरणांना गेटवे लागतच नाही. बाहेरून आलेले पॅकेटही एनव्हीआरपर्यंत पोहोचते. मात्र उत्तर परत कोणत्या दाराने पाठवायचे हे एनव्हीआरला माहीत नसते आणि बाहेरचा माणूस वाट पाहत बसतो. आपल्या उदाहरणात एनव्हीआरचा गेटवे १९२.१६८.१.१ आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असला पाहिजे.

काही मिलमध्ये दोन इंटरनेट जोडण्या असतात, एक फायबरची आणि एक राखीव. एनव्हीआरचा गेटवे एका राउटरकडे आणि फॉरवर्डिंग दुसऱ्यावर असेल तर हाच प्रकार होतो. ज्या राउटरवरून पॅकेट आत आले, त्याच राउटरवरून उत्तर बाहेर गेले पाहिजे.

तपासणी : राउटर, डबा आणि एनव्हीआर तिन्हींची वीज एकदम बंद करून पुन्हा सुरू करा. पत्ता ५० च राहिला तर पुढे जा.

## टप्पा ४ : आतल्या आत सेवा सुरू असल्याची खात्री

एनव्हीआरच्या नेटवर्क पानावर जाऊन तो कोणत्या पोर्टवर (प्रत्येक सेवेच्या क्रमांकित दारावर) ऐकत आहे हे पाहून घ्या, अंदाज बांधू नका. ब्राउझरसाठी साधारणतः ८० आणि ४४३, चित्रप्रवाहासाठी ५५४, आणि कंपनीच्या ॲपसाठी वेगळे पोर्ट असते : हिकव्हिजनमध्ये ते मुळात ८००० आणि दाहुआमध्ये ३७७७७ असते. आधीच्या कोणी ते बदललेलेही असू शकते.

आता मिलच्याच एखाद्या संगणकावर पॉवरशेल उघडून 'टेस्ट-नेटकनेक्शन' हा आदेश एनव्हीआरचा पत्ता आणि पोर्ट ४४३ देऊन चालवा. 'टीसीपी टेस्ट सक्सीडेड' या ओळीपुढे 'ट्रू' आले पाहिजे. 'फॉल्स' आले तर दोष उपकरणात आहे आणि राउटरमध्ये काहीही केले तरी तो जाणार नाही.

पिंग चालते म्हणजे पोर्ट उघडे आहे असे नाही. पिंगला पोर्ट हा प्रकारच नसतो. पिंग बंद ठेवलेल्या उपकरणाचे पोर्ट उघडे असू शकते आणि याच्या उलटही असते.

सेवा विंडोजच्या संगणकावर असेल तर त्या संगणकाची स्वतःची फायरवॉल हा आणखी एक दरवाजा आहे. प्रगत फायरवॉलच्या खिडकीत 'इनबाउंड रूल्स'मध्ये नवा नियम करताना प्रकार 'पोर्ट', प्रोटोकॉल (बोलण्याची पद्धत) टीसीपी, आणि नेमका पोर्ट क्रमांक द्यावा. नंतर त्या नियमाचा 'स्कोप' उघडून पाहावा : तिथे दूरचा पत्ता म्हणून 'लोकल सबनेट' असेल, तर आतून सर्व चालेल आणि बाहेरून काहीच चालणार नाही. नेटवर्कचे प्रोफाइल 'पब्लिक' पडले असेल आणि नियम फक्त 'प्रायव्हेट'साठी केला असेल, तरीही नियम लागू होत नाही.

## टप्पा ५ : दार उघडण्याआधीची आवराआवर

पोर्ट उघडल्याक्षणापासून ते शोधणारी यंत्रे तुमच्या दाराशी येतात, ती माणसाच्या ओळखीची वाट पाहत नाहीत. २०१६ साली मिराय नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि रेकॉर्डर लाखोंनी ताब्यात घेतले होते. त्यामुळे नियम टाकण्याआधी पुढील कामे पूर्ण करावीत.

एनव्हीआर आणि राउटर दोन्हींचे मूळ पासवर्ड बदला आणि दोन्हींना वेगळे पासवर्ड द्या. बाहेरून पाहण्यासाठी एनव्हीआरमध्ये फक्त पाहण्याचा अधिकार असलेले निराळे खाते करा. ॲडमिन खाते मोबाईलमध्ये भरू नका. दोन्हींचे फर्मवेअर अद्ययावत करा. राउटरमधील यूपीएनपी बंद करा, कारण ते सुरू असेल तर आतले कोणतेही उपकरण तुम्हाला न विचारता स्वतःसाठी पोर्ट उघडून घेते. राउटरचे बाहेरून व्यवस्थापन बंद करा. शेवटी राउटरची सध्याची मांडणी फाइलमध्ये जतन करून ती पेन ड्राइव्हवर घ्या.

इशारा : ४४५, ३३८९, २३ आणि राउटरच्या स्वतःच्या ॲडमिन पानाचे पोर्ट जगासाठी कधीही उघडू नका. मे २०१७ मधले वॉनाक्राय ४४५ पोर्टवरच्या विंडोजच्या फाइल-सेवेतील दोषावर स्वार होऊन पसरले होते. ३३८९ म्हणजे रिमोट डेस्कटॉप. "दोनच दिवसांसाठी" म्हणून मी एका ठिकाणी ते उघडे ठेवले होते. दुसऱ्या दिवशी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४६२५ क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या लॉगइनच्या, नोंदी पानामागून पान लागल्या होत्या. ज्या नावांनी प्रयत्न झाले होते त्यांत 'ॲडमिनिस्ट्रेटर'बरोबर 'अकाउंट्स' आणि 'टॅली'ही होते. त्या दिवसापासून हिशेबाच्या संगणकापर्यंत जाण्यासाठी मी फक्त व्हीपीएन देतो.

## टप्पा ६ : फॉरवर्डिंगचा नियम

एवढे झाल्यावर हा टप्पा पाच मिनिटांचा उरतो. टीपी-लिंकमध्ये 'ॲडव्हान्स्ड', मग 'एनएटी फॉरवर्डिंग', मग 'पोर्ट फॉरवर्डिंग' किंवा जुन्या मॉडेलमध्ये 'व्हर्च्युअल सर्व्हर्स' येथे जा आणि एकच नियम टाका : बाहेरचे पोर्ट ४८४४३, आतला पत्ता १९२.१६८.१.५०, आतले पोर्ट ४४३, प्रोटोकॉल टीसीपी.

बाहेरचे पोर्ट ४४३ च का घेतले नाही? राउटरचे स्वतःचे पान पुष्कळदा ८०, ४४३ किंवा ८०८० वर असते आणि त्याच्याशी टक्कर होते. शिवाय काही सेवादाते हे नेहमीचे पोर्ट बाहेरूनच अडवतात. मोठा क्रमांक घेतल्याने या दोन अडचणी टळतात. त्याने सुरक्षा मिळते अशा समजुतीत मात्र राहू नका. ६५,५३५ पोर्ट तपासून पाहणे यंत्राला अवघड नाही.

प्रोटोकॉलच्या चौकटीत 'ऑल' किंवा 'बोथ' निवडण्याची सवय सोडावी. ब्राउझरला टीसीपी पुरते. पोर्टची लांबलचक श्रेणीही टाकू नये. "८००० ते ९०००" असा नियम टाकणाऱ्याने हजार दारे उघडून एकातून जायचे ठरवलेले असते. आणि एनव्हीआरच्या मागच्या पीओई (तारेतूनच वीज देणाऱ्या) खाचांत लावलेल्या कॅमेऱ्यांचे पत्ते स्वतंत्र आतल्या जाळ्यातले असतात, त्यांच्याकडे थेट फॉरवर्डिंग करण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे.

इशारा : नियम चालत नाही म्हणून डीएमझेड सुरू करू नका. त्याने त्या उपकरणाची सर्व पोर्ट एकदम उघडी पडतात, आणि दोष टप्पा १ ते ४ मध्ये असेल तर उपयोगही होत नाही.

## टप्पा ७ : फायरवॉल : कोणाला आत घ्यायचे

हा टप्पा बहुतेक जण वगळतात. एनव्हीआर पाहण्याची गरज जर केवळ जळगावच्या ऑफिसला असेल, तर साऱ्या जगाला दार उघडे ठेवण्याचे कारण नाही. घरगुती राउटरच्या नियमात 'सोर्स आयपी' किंवा 'रिमोट आयपी' अशी चौकट असेल तर तिथे १९८.५१.१००.१० भरा. नसेल, तर तो राउटर या कामासाठी अपुरा आहे असे समजून व्हीपीएनचा विचार करा.

मायक्रोटिकसारख्या राउटरवर इनबाउंड नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळलेला नियम निकाल देतो. म्हणून क्रम असा ठेवावा :

1. आधीच सुरू असलेल्या आणि त्यांच्याशी संबंधित जोडण्यांना परवानगी.
2. अवैध स्थितीतील पॅकेट टाकून देणे.
3. स्रोत १९८.५१.१००.१०, गंतव्य १९२.१६८.१.५०, टीसीपी, पोर्ट ४४३ : परवानगी.
4. वॅनकडून आत येणारे बाकी सर्व टाकून देणे.

तिसऱ्या नियमात ४८४४३ का नाही, हा प्रश्न पडला पाहिजे. लिनक्सवर आधारलेल्या राउटरमध्ये पत्ता आणि पोर्ट बदलण्याचे काम आधी होते आणि गाळणीचे नियम नंतर लागतात. गाळणीपर्यंत पॅकेट येते तेव्हा त्यावरचे गंतव्य २०३.०.११३.२५ : ४८४४३ राहिलेले नसते, ते १९२.१६८.१.५० : ४४३ झालेले असते. बाहेरचे पोर्ट लिहिलेला नियम त्यामुळे कधीच जुळत नाही आणि पॅकेट चौथ्या नियमावर जाऊन मरते. पालो अल्टोच्या फायरवॉलमध्ये मात्र नियमात गंतव्य म्हणून बदलापूर्वीचाच पत्ता लिहावा लागतो. म्हणून यंत्र बदलले की ही एक बाब नव्याने पाहून घ्यावी.

मायक्रोटिकच्या मूळ मांडणीत "वॅनकडून आलेले आणि फॉरवर्ड न झालेले सर्व टाका" असा एक नियम असतो. त्याचा अर्थ नीट वाचा : फॉरवर्ड झालेले सर्व मोकळे. ती मांडणी तशीच ठेवायची असेल तर स्रोत पत्त्याची अट फॉरवर्डिंगच्याच नियमात घालावी.

मालकाच्या मोबाईलचे काय? मोबाईलचा पत्ता दर तासाला बदलू शकतो, तो स्रोत म्हणून लिहिता येत नाही. त्याच्यासाठी राउटरवरच वायरगार्ड हा व्हीपीएन बसवावा. येथे आणखी एक नेहमीची चूक होते : वायरगार्ड राउटरमध्येच चालते, म्हणून त्याला फॉरवर्डिंग लागत नाही. त्याचा नियम 'फॉरवर्ड' साखळीत (राउटरमधून पुढे जाणाऱ्या पॅकेटच्या नियमांत) टाकून चालत नाही, तो 'इनपुट' साखळीत (खुद्द राउटरसाठी आलेल्या पॅकेटच्या नियमांत) टाकायचा असतो : यूडीपी, पोर्ट ५१८२०, परवानगी, आणि तो सर्व काही टाकून देणाऱ्या नियमाच्या वर. बोगद्यातून आलेल्या मोबाईलला एनव्हीआरपर्यंत जाऊ देणारा नियम मात्र 'फॉरवर्ड' साखळीत लागतो.

इशारा : हे बदल दूर बसून करत असाल तर विनबॉक्समधील (मायक्रोटिक हाताळण्याच्या प्रोग्रॅममधील) 'सेफ मोड' आधी दाबा. चुकीच्या नियमाने तुमचीच जोडणी तुटली तर राउटर बदल मागे घेतो. नाही तर भर उन्हाळ्यात दुपारी मोटारसायकलवर चोपडा गाठावे लागते.

तुमच्या जोडणीवर आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे लांब पत्ते) सुरू असेल तर त्याचे पान स्वतंत्रपणे पाहा. तिथे एनएटी सहसा नसते, म्हणून फॉरवर्डिंगही नसते. उपकरणाचा पत्ता थेट जगाला दिसतो आणि त्याच्यापुढे उभी असते ती फक्त फायरवॉल. आयपीव्ही४ ची फायरवॉल काटेकोर आणि आयपीव्ही६ ची बंद, अशी मांडणी मी अनेक ठिकाणी पाहिली आहे.

## टप्पा ८ : बाहेरून तपासणी, आणि अडल्यास कुठे शोधायचे

मिलच्या वायफायवर राहून बाहेरचा पत्ता टाकून पाहू नका. पुष्कळ राउटर आतून बाहेर जाऊन परत आत येणारी जोडणी वळवत नाहीत, त्यामुळे नियम बरोबर असूनही पान उघडत नाही. खरी तपासणी दुसऱ्या जागेवरूनच होते. जळगावच्या ऑफिसमधल्या संगणकावर २०३.०.११३.२५ आणि पोर्ट ४८४४३ उघडून पाहा. त्यानंतर मोबाईलचे वायफाय बंद करून मोबाईल डेटावरून हाच पत्ता उघडा. ऑफिसमधून उघडले आणि मोबाईलवरून उघडले नाही, तर काम बरोबर झाले. मोबाईलवरूनही उघडले तर टप्पा ७ फसला आहे.

पोर्ट तपासून देणारी संकेतस्थळेही तुमच्या परवानगीच्या यादीत नसतात, त्यामुळे ती 'बंद' म्हणतील आणि ते योग्यच आहे. वायरगार्डचे पोर्ट तर ती कधीच दाखवणार नाहीत, कारण ती बहुधा टीसीपी तपासतात आणि वायरगार्ड अनोळखी पॅकेटला उत्तरच देत नाही.

अडले तर अपयश कसे आले ते नीट पाहा. जोडणी तत्काळ नाकारली गेली, तर बहुधा पॅकेट उपकरणापर्यंत पोहोचले आहे पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही : आतले पोर्ट तपासा. बराच वेळ वाट पाहून जोडणी सुटली, तर पॅकेट वाटेत कुठेतरी गिळले गेले आहे किंवा उत्तर दुसऱ्याच दाराने निघून गेले आहे.

नियमांसमोर मोजणी दाखवणारा राउटर असेल तर दोन माणसांनी मिळून ही तपासणी करावी. एकाने बाहेरून प्रयत्न करत राहावे आणि दुसऱ्याने आकड्यांकडे पाहावे. फॉरवर्डिंगच्या नियमासमोरचा आकडा हललाच नाही, तर पॅकेट राउटरपर्यंत आलेले नाही किंवा नियमातील अट जुळत नाही : टप्पा १ व २, आणि अडवलेले पोर्ट. तो हलला पण फायरवॉलच्या परवानगीच्या नियमासमोरचा हलला नाही, तर टप्पा ७ मधला क्रम किंवा पोर्ट चुकले आहे. दोन्ही हलले तरी बाहेर काही दिसत नाही, तर राउटरला सोडा आणि एनव्हीआरचा गेटवे पाहा.

## टप्पा ९ : नोंद आणि बंद करण्याची तारीख

प्रत्येक नियमाच्या वर्णनाच्या चौकटीत तो कोणासाठी, कशासाठी आणि कधी टाकला हे लिहा. 'टेस्ट', 'टेस्ट२', 'न्यू' अशी नावे देऊ नका. वर्षभराने त्यातला कोणता काढला तर काय बंद पडेल, हे कोणालाच सांगता येत नाही. बाहेरचे पोर्ट, आतला पत्ता आणि डीडीएनएस नाव एका कागदावर लिहून तो मिलच्या ऑफिसात ठेवा, राउटरवर चिकटवू नका. पासवर्ड त्या कागदावर अजिबात नको. नवी मांडणी पुन्हा फाइलमध्ये जतन करा.

हंगामापुरते टाकलेले नियम हंगाम संपल्यावर काढायचे असतात. मिलची चाके थांबून हिशेबाची माणसे गेली की त्याच दिवशी तिसरा नियम निष्क्रिय करा आणि ऑफिसमधून पत्ता उघडून तो खरोखर बंद झाला आहे हे पाहा. आधी उघडलेली खिडकी मात्र बंद करून नव्याने प्रयत्न करा, कारण सुरू असलेल्या जोडणीला पहिला नियम अजूनही परवानगी देत असतो.